यंत्रे निरनिराळी, चाचणी एकच

कुर्डुवाडी स्टेशनावर एके काळी हमालांची जी धांदल चाले, ती जेऊरच्या वडीलधाऱ्या मंडळींनी डोळ्यांनी पाहिली आहे. आपल्या जेऊरवरून जाणारा मुंबई-सोलापूर लोहमार्ग साडेपाच फूट रुंदीचा. आणि १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटांची. दोन्ही आगगाड्याच. दोहोंना इंजिन, डबे, गार्ड आणि शिट्टी. तथापि ह्या रुळावरचा डबा त्या रुळावर चालत नसे. लातूरकडचे धान्य मुंबईस जावयाचे, तर पोते न् पोते कुर्डुवाडीस एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावे लागे. आषाढीच्या वारकऱ्यालाही गाडी तेथेच बदलावी लागे. पोते फुटावयाचे किंवा त्यावरची चिठ्ठी गळावयाची, तर ते बहुधा ह्या अदलाबदलीत.

आजचा विषय संगणकाचा आहे, आणि तरीही आम्ही कुर्डुवाडीपासून सुरुवात केली, ह्याचे कारण विषयाचे मर्म त्या अदलाबदलीतच आहे. आपल्या भागातील पुष्कळ मुले-मुली आज पुण्यास हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात ‘टेस्टिंग’चे काम करतात. पगार चांगला असतो, म्हणून घरची मंडळी फारशी चौकशी करीत नाहीत. पण काम नेमके काय, असे विचारले तर बहुतेक घरांत ‘कॉम्प्युटर तपासतो’ एवढेच उत्तर मिळते. कॉम्प्युटर कोणी तपासत नाही. तपासला जातो तो प्रोग्रॅम, आणि तोही हाताने थोडाच. तपासण्याचे काम करण्यासाठी दुसरा एक छोटा प्रोग्रॅम लिहितात. त्यास स्क्रिप्ट म्हणतात. ही स्क्रिप्ट मूळ प्रोग्रॅम सुरू करते, त्याला काही माहिती पुरवते, त्याचे उत्तर घेते, आणि अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते. रात्री कचेरी बंद झाल्यावर अशा शेकडो चाचण्या आपोआप होतात व सकाळी त्यांचा निकाल हिरव्या किंवा लाल अक्षरांत समोर येतो.

ह्यातील ‘मूळ प्रोग्रॅम सुरू करते’ हे चार शब्द ऐकताना कोणालाही त्यात काही विशेष वाटत नाही. आमचे म्हणणे असे की, सारी गोम ह्या चार शब्दांत आहे.

आम्ही पाहिलेला एक प्रसंग सांगतो. कचेरीचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे एका प्रोग्रॅमच्या चाचण्या लिनक्सवर वर्षभर सुरळीत चालल्या होत्या. ग्राहकाने विंडोजची मागणी केली, म्हणून त्याच स्क्रिप्टा विंडोजच्या यंत्रावर ठेवण्यात आल्या. सकाळी निकाल हिरवा. दुसऱ्या दिवशी हिरवा, तिसऱ्या दिवशीही हिरवा. चौथ्या दिवशी एका मुलीच्या लक्षात आले की, लिनक्सवर ज्या चाचण्यांना पाऊण तास लागतो त्या येथे नऊ सेकंदांत आटोपतात! उघडून पाहिले तेव्हा कळले की, प्रोग्रॅम एकदाही सुरू झालेला नव्हता. स्क्रिप्ट फक्त चुका मोजत होती. प्रोग्रॅमच नाही म्हणून उत्तर नाही, उत्तर नाही म्हणून चूक नाही, आणि चूक नाही म्हणून सर्व उत्तीर्ण. परीक्षेस कोणी बसलेच नाही, सबब कोणी नापास नाही, असा तो निकाल होता.

आता प्रोग्रॅम सुरू होतो म्हणजे काय, ते पाहू. आपल्यापैकी अनेकांनी एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम केला असेल. त्यात विंडोजची ओळख होतेच. विंडोज ही एक ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा कारभार पाहणारी व्यवस्था. लिनक्स ही दुसरी, ॲपलच्या यंत्रांवरील मॅक ही तिसरी. प्रोग्रॅम जोवर नुसता डिस्कवर पडून आहे तोवर ती एक फाइल. कारभाऱ्याने त्यास स्मृतीत जागा दिली, क्रमांक दिला आणि चालते केले, म्हणजे त्याला प्रोसेस म्हणतात. चाचणीची स्क्रिप्ट ही स्वतःच एक प्रोसेस असते व तिला दुसरी प्रोसेस जन्मास घालावयाची असते. ती हे स्वतः करू शकत नाही. कारभाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. आणि अर्जाचा नमुना प्रत्येक कारभाऱ्याचा निराळा!

हा निराळेपणा कोणाच्या लहरीने आलेला नाही. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची ह्यांनी युनिक्स उभारण्यास आरंभ केला. यंत्र लहान, स्मृती तुटपुंजी. तेव्हा नवी प्रोसेस करण्याची त्यांची रीत अशी की, चालू प्रोसेसची हुबेहूब एक नक्कल करावयाची आणि मग त्या नकलेने आपले पोट रिकामे करून नवा प्रोग्रॅम भरून घ्यावयाचा. पहिल्या कृतीस फोर्क म्हणतात, दुसरीस एक्झेक. रिचीने पुढे लिहून ठेवले आहे की, त्या पहिल्या यंत्रावर फोर्कला अवघ्या २७ ओळी पुरल्या. लिनक्स व मॅक हे ह्याच घराण्यातले. विंडोजची आजची शाखा मात्र १९९३ साली निघालेल्या विंडोज एनटीची. तिचा प्रमुख शिल्पकार डेव्ह कटलर हा डिजिटल कंपनीच्या व्हीएमएस ह्या निराळ्या परंपरेतून आलेला. तेथे नक्कल नाही. दहा रकाने असलेला एकच अर्ज भरून द्यावयाचा, की नवी प्रोसेस तयार.

एवढ्यावर भागले असते तर फारशी अडचण नव्हती. खरी अडचण सोबतच्या सामानाची आहे. प्रोग्रॅमला सुरू करताना काही माहिती द्यावी लागते: ही फाइल उघड, ह्या तारखेपासून मोज, इत्यादी. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चालणारा प्रोग्रॅम आहे आणि त्यास ‘शेतकऱ्यांची यादी’ ह्या नावाची फाइल द्यावयाची आहे. युनिक्सच्या घराण्यात माहितीचे प्रत्येक पोते वेगळे शिवलेले असते. शेतकऱ्यांची यादी हे एक पोते, तारीख हे दुसरे. पलीकडे ते जसेच्या तसे पोचते. विंडोजच्या अर्जात मात्र पोत्यांसाठी वेगवेगळे रकाने नाहीत. सगळे धान्य एका लांबच लांब ओळीत ओतावयाचे, आणि कोठे एक पोते संपले ते पलीकडच्या प्रोग्रॅमने आपल्या मताने ओळखावयाचे. बहुतेक प्रोग्रॅम मोकळी जागा दिसली की तेथे पोते संपले असे धरतात. ‘शेतकऱ्यांची’ आणि ‘यादी’ ह्या शब्दांत मोकळी जागा आहे. अवतरणचिन्हात घातले नाही तर एका फाइलीच्या दोन होतात, आणि दोन्ही सापडत नाहीत. ह्या ओळीची लांबीही ३२,७६७ अक्षरांपलीकडे जाऊ शकत नाही. आणि मध्ये विंडोजचा आज्ञा वाचणारा जुना दुभाषी बसवला, तर ८,१९१ वरच थांबावे लागते.

हा दुभाषी म्हणजे ज्याला जाणकार शेल म्हणतात तो. माणसाने टंकलेली आज्ञा वाचून कारभाऱ्याकडे पोचवणे हे त्याचे काम. लिनक्सचा शेल निराळा, विंडोजचा निराळा, आणि दोघांचे व्याकरणही निराळे. स्क्रिप्ट लिहिणारा कंटाळा करतो, सवयीची आज्ञा जशीच्या तशी एका ओळीत लिहून शेलच्या हवाली करतो, आणि ती त्याच्या यंत्रावर चालतेही. दुसऱ्या यंत्रावर तीच ओळ निराळी वाचली जाते. म्हणून अनुभवी माणसे मध्ये शेल बसवीतच नाहीत. प्रोग्रॅमचा पत्ता आणि एकेक पोते वेगवेगळे सांगतात, आणि ओळ रचण्याचे काम त्यासाठीच लिहिलेल्या संग्रहावर, म्हणजे लायब्ररीवर सोपवतात. पायथन ह्या भाषेत २००४ पासून सबप्रोसेस नावाचा असा संग्रह आहे.

पण असे संग्रहही चुकतात. एप्रिल २०२४ मध्ये उघडकीस आले की, रस्ट ह्या सुरक्षिततेबद्दल नावाजलेल्या भाषेचा संग्रह विंडोजवर बॅच फाइल सुरू करताना अवतरणचिन्हे नीट घालीत नव्हता. बॅच फाइल म्हटली की विंडोज गुपचूप तो जुना दुभाषी मध्ये बसवते, आणि त्याचे अवतरणाचे नियम इतर प्रोग्रॅमांहून वेगळे. परिणामी बाहेरच्या माणसाने खुबीने रचलेली माहिती पुरवली, तर ती माहिती न राहता आज्ञा होऊन बसे. ह्या दोषाच्या गांभीर्यास दहापैकी दहा गुण मिळाले. इतर कित्येक भाषांच्या संग्रहांतही तोच दोष सापडला. प्रोग्रॅम सुरू करणे हे क्षुल्लक काम समजणाऱ्यांना ह्याहून चांगले उत्तर आम्हांस माहीत नाही.

दुसरी एक गंमत टंकयंत्राच्या वारशाची आहे. जुन्या टंकयंत्रावर ओळ संपली की दोन क्रिया कराव्या लागत: गाडा परत आणणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे. विंडोजच्या फाइलींत ओळीच्या शेवटी ह्या दोन्ही क्रियांची दोन अदृश्य चिन्हे आजही असतात. युनिक्सवाल्यांनी एकच ठेवले. लिनक्सवर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत तिचा वाचक प्रोग्रॅम कोठे आहे, त्याचा पत्ता लिहितात. ती फाइल विंडोजवर जाऊन आली की पत्त्याच्या शेवटी गाडा परत आणण्याचे ते अदृश्य चिन्ह चिकटते, आणि कारभारी त्यास पत्त्याचाच भाग समजून ‘अशी फाइल नाही’ म्हणून परत पाठवतो. फाइल डोळ्यांसमोर दिसत असते! पुण्यातील कित्येक नव्या मुलांनी ह्या एका चिन्हापायी रात्री जागवल्या आहेत.

आता आमच्या मते जो भाग मराठी माणसाने विशेष जाणून घ्यावा, त्याकडे वळू. इंग्रजी नावे वापरणाऱ्याला ज्या अडचणी कधी दिसतच नाहीत, त्या आपल्या लिपीत पहिल्याच दिवशी उभ्या राहतात. ‘जेऊर’ हाच शब्द घ्या. युनिकोडच्या हिशेबाने त्यात ज, एकाराची मात्रा, ऊ आणि र अशी चार चिन्हे. लिनक्सवर रूढ असलेल्या पद्धतीने ती लिहावयास १२ बाइट लागतात. विंडोज आतून जी पद्धत वापरते तीत ८. येथवर ठीक. परंतु विंडोजमध्ये जुन्या प्रोग्रॅमांसाठी एक जुना दरवाजाही ठेवलेला आहे, आणि त्या जुन्या व्यवस्थेत देवनागरीसाठी तक्ताच कधी केला गेला नाही. स्क्रिप्ट त्या दरवाजाने गेली की जेऊर पलीकडे पोचते ते चार प्रश्नचिन्हे होऊन. विंडोजवर फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, तेव्हा प्रोग्रॅम सुरू होऊनही फाइल उघडत नाही, आणि दोष प्रोग्रॅमच्या माथी बसतो.

‘शेतकऱ्यांची’ ह्या शब्दाची कथा ह्याहून नाजूक. त्यातला जो अर्धा र आहे, तो लिहिण्याच्या संगणकात एकाहून अधिक रीती आहेत. एक, ऱ ह्या स्वतंत्र अक्षराला हलन्त करून. दुसरी, साध्या र ला हलन्त करून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. त्यातून ॲपलच्या मॅकची जी फाइलव्यवस्था २०१७ पर्यंत सर्वत्र होती, ती असे ऱ अक्षर आले की त्याचे र आणि खालचा नुक्ता असे दोन तुकडे करून ठेवी. म्हणजे स्क्रिप्टने एका स्पेलिंगाने फाइल केली आणि कारभाऱ्याने नावांची यादी परत दिली ती दुसऱ्या स्पेलिंगाने. ताडून पाहणाऱ्या चाचणीने म्हणावयाचे, फाइल नाही. लेखनिक म्हणणार, ही काय समोर आहे! दोघेही आपापल्या परीने खरे. म्हणून चाचणीच्या नावांत मुद्दाम एक असे मराठी नाव असावे, मोकळ्या जागेसकट, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

प्रोग्रॅम सुरू झाला, चालला, आणि संपला. संपताना तो कारभाऱ्याजवळ एक आकडा ठेवून जातो. शून्य म्हणजे सर्व ठीक. शून्याखेरीज काहीही म्हणजे बिघाड. ह्या साध्या रूढीतही एक खड्डा आहे. काही लेखक हौसेने असे करतात की, जितक्या चुका सापडल्या तितका आकडा ठेवावयाचा. विंडोजवर ह्या आकड्यास भरपूर जागा आहे. लिनक्स आणि मॅकवर मात्र स्क्रिप्टच्या हाती येतो तो ० ते २५५ एवढाच. त्यापुढे मोजणी पुन्हा शून्यापासून. तेव्हा नेमक्या २५६ चुका झाल्या तर निकाल शून्य, म्हणजे संपूर्ण यश! २५५ चुकांना नापास, २५७ ना नापास, आणि २५६ ना शाबासकी. शहाण्याने चुका कितीही असोत, एकच ठेवावा. उलट, स्मृतीतील भलत्या जागी हात घातल्याने प्रोग्रॅम कोसळला, तर लिनक्सचा शेल १३९ सांगतो आणि विंडोज ३२२१२२५४७७, अपघात एकच.

वाट पाहण्याविषयी थोडे सांगतो. पुष्कळ स्क्रिप्टांत असे लिहिलेले असते की, प्रोग्रॅम सुरू कर, पाच सेकंद थांब, मग त्याला प्रश्न विचार. लिहिणाऱ्याच्या यंत्रावर पाच सेकंद भरपूर असतात. दुसरीकडे यंत्र मंद असते किंवा विषाणू शोधणारा पहारेकरी प्रत्येक नव्या प्रोसेसची झडती घेतो, आणि सहावा सेकंद लागतो. चाचणी कधी पास, कधी नापास. गाडी आली असेल असे घड्याळावरून न ठरवता सिग्नल पाहावा, हे स्टेशनाजवळ राहणाऱ्यांना समजावून सांगावयास नको. प्रोग्रॅमनेच ‘मी तयार आहे’ असे कळवावे, स्क्रिप्टने ते ऐकेपर्यंत थांबावे, आणि फार वेळ झाल्यास थांबणे सोडावे, ही खरी रीत.

प्रोग्रॅमचे उत्तर स्क्रिप्टकडे एका नळीतून येते, आणि ह्या नळीची साठवण ठरलेली असते. लिनक्सवर ती सहसा ६५,५३६ बाइट. विंडोजवर पुष्कळदा त्याहून फार कमी. प्रोग्रॅम संपल्यावरच नळी उपसावयाची, असे स्क्रिप्टने ठरवले, तर नळी भरताच प्रोग्रॅम थांबतो. तो स्क्रिप्टची वाट पाहतो आणि स्क्रिप्ट त्याची. दोघेही सकाळपर्यंत तसेच. येथेही आपली लिपी आधी अडते: इंग्रजी अक्षरास एक बाइट, तर आपल्या प्रत्येक चिन्हास तीन, तेव्हा मराठी संदेश देणाऱ्या प्रोग्रॅमची नळी लवकर भरते. उपाय सोपा आहे. प्रोग्रॅम चालू असतानाच नळी उपसत राहावे, आणि उत्तराची व तक्रारींची अशा दोन नळ्या असतील तर दोन्ही.

शेवटी आवरासावर. सेलेनियम नावाचे साधन पुण्याच्या टेस्टिंगमध्ये फार वापरात आहे. ते २००४ साली थॉटवर्क्स ह्या कंपनीत जन्मास आले, आणि त्या कंपनीची कचेरी पुण्यातही आहे. संकेतस्थळे तपासताना ते एक मदतनीस प्रोसेस सुरू करते, मदतनीस ब्राउझर सुरू करतो, आणि ब्राउझर स्वतः आणखी पाच-दहा प्रोसेस. म्हणजे लेक, नात, पणती असा वंश. चाचणी फिसकटली म्हणून मदतनिसाला मारले, तरी वंश आपोआप नाहीसा होत नाही, मग कारभारी कोणताही असो. युनिक्सच्या घराण्यात अशी पोरकी प्रोसेस बहुधा क्रमांक एकच्या प्रोसेसकडे दत्तक जाते आणि चालत राहते. विंडोजवर ती नुसती राहते असे नाही, तर आपल्या हातातल्या फाइली धरून बसते, आणि धरलेली फाइल तेथे सहसा पुसता येत नाही. मग पुढची चाचणी स्वच्छ जागा मागते आणि उगाचच नापास होते. लिनक्सवर धरलेली फाइलही पुसता येते, म्हणून तेथे हा घोटाळा लपून राहतो. ह्यासाठी सुरुवातीलाच सगळ्या वंशाला एका दावणीस बांधावे लागते. युनिक्समध्ये ह्या दावणीस प्रोसेस ग्रूप म्हणतात, विंडोजमध्ये २००० सालापासून जॉब ऑब्जेक्ट.

हे सर्व कोण करीत बसतो, असे कोणी विचारील. पुण्यातील व्हेरिटासच्या केंद्रात एकाच प्रकारचे साठवणुकीचे सॉफ्टवेअर सोलारिस, एचपी-यूएक्स, एआयएक्स, लिनक्स आणि विंडोज अशा पाच घरांसाठी बने. अशा ठिकाणी हे न करून चालतच नाही. आणि न केल्याची किंमत काय असू शकते, ते १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलीने विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रे कोसळली. आपल्या देशात काही विमानतळांवर उतारूंना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती फाइल तपासणीतून उत्तीर्ण होऊन गेली होती, कारण दोष तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येच होता. लिनक्स आणि मॅकवरच्या यंत्रांना त्या दिवशी काही झाले नाही.

म्हणून चाचणीच्या निकालात ‘उत्तीर्ण’ आणि ‘अनुत्तीर्ण’ ह्यांखेरीज ‘सुरूच झाला नाही’ असा तिसरा रकाना असला पाहिजे, आणि तो पहिल्या दोहोंत मिसळता कामा नये. किती चाचण्या व्हावयाच्या होत्या व किती झाल्या, हेही शेजारी लिहावे. वजनकाट्याच्या आमच्या उदाहरणात ह्या रकान्याचा अर्थ सरळ आहे: उसाची गाडी काट्यावर चढलीच नाही, तर वजन शून्य असे लिहावयाचे नसते.

राहता राहिला एक प्रश्न, जो असे विषय निघाले की हटकून विचारला जातो: सगळ्या संगणकांना एकच माप का लावीत नाहीत? प्रयत्न झाले. १९८८ साली युनिक्सच्या घराण्यासाठी पॉसिक्स नावाचे प्रमाण ठरले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या पोटातच लिनक्सचे प्रोग्रॅम चालविण्याची सोय केली. पण जो प्रोग्रॅम ग्राहकाच्या विंडोजवर चालावयाचा, तो विंडोजवरच तपासावा लागतो. उलट जुनी मापेही स्थिर नाहीत. ज्या फोर्कच्या २७ ओळींची गोष्ट आम्ही सांगितली, तो आजच्या अनेक धाग्यांवर एकदम चालणाऱ्या प्रोग्रॅमांत धोक्याचा ठरू लागला आहे. अनेक प्रोसेस करून कामे वाटणाऱ्या पायथनच्या संग्रहाने २०१९ मध्ये मॅकवर आणि २०२५ च्या आवृत्तीत लिनक्सवरही फोर्कची रीत नेहमीची म्हणून ठेवणे सोडले. तेव्हा त्या रिवाजावर विसंबून लिहिलेल्या चाचण्या आता पुन्हा उघडून पाहाव्या लागत आहेत. बार्शीच्या अडीच फुटी लाइनीचा कुर्डुवाडी-लातूर भाग रुंद होण्याचे काम २००८ साली पुरे झाले, म्हणजे लाइन सुरू झाल्यापासून १११ वर्षांनी.